नाडी मोजा, वहीत लिहा
(हसनाबाद येथील प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



मागच्या महिन्यात तुम्ही घड्याळ वाचायला शिकलात. चार रकाने आखून दुधाचा हिशेब लिहायला शिकलात. आज त्याच घड्याळाचा आणि त्याच रकान्यांचा दुसरा एक उपयोग सांगायचा आहे. हा हिशेब दुधाचा नाही, काळजाचा आहे.

गावात पुष्कळ माणसे म्हणतात, "काही केले नाही तरी छातीत धडधडते." पळत जाऊन एस.टी. पकडली आणि धडधडले, तर त्यात नवल नाही. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन शेतातून घरी आलो आणि धडधडले, तरी नवल नाही. पण अंगण झाडताना, भाकरी थापताना, मोरीतून उठून उभे राहताना काळीज पळू लागले तर माणूस बावरतो. दवाखान्यात जातो. तिथे बाकावर तास-दीड तास बसतो. नंबर येईपर्यंत काळीज आपले शांत झालेले असते! डॉक्टर छातीला नळी लावतात. ईसीजीची पट्टी काढतात. पट्टी चांगली निघते. "काही नाही, ठीक आहे," म्हणतात. माणूस घरी येतो. दुसऱ्या दिवशी अंगण झाडताना पुन्हा तेच.

मग घरचे बोलू लागतात. बाई असेल तर म्हणतात, कामाचा कंटाळा. तरणा मुलगा असेल तर म्हणतात, भित्रा आहे. म्हातारा असेल तर म्हणतात, आता वयच झाले. कोणी गंडा बांधतो, कोणी ताकदीची बाटली लावतो. उत्तर मात्र मिळत नाही.

आम्ही डॉक्टर नव्हे. मॅट्रिक झालेले, फळ्यापुढे जन्म घालवलेले मास्तर आहोत. औषध सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही आणि आम्ही ते सांगणारही नाही. पण मोजणे आणि लिहून ठेवणे हा आमचा धंदा आहे. तेवढ्यापुरते आमचे ऐका.

आधी काळजाचे गणित पाहू. आपले हृदय आपल्या मुठीएवढे असते. ते आकसते आणि सैल होते. एकदा आकसले की एक ठोका. स्वस्थ बसलेल्या माणसाचे ठोके मिनिटाला ६० ते १०० असतात. आपण ७२ धरू. फळ्यावर गुणाकार करा. ७२ गुणिले ६०, झाले ४,३२०. हे एका तासाचे. त्याला २४ ने गुणा. झाले १,०३,६८०. दिवसाला लाखाच्या वर ठोके! अंगात रक्त असते पाच लिटरच्या आसपास. म्हणजे आपण स्वस्थ बसलो असलो तरी मिनिटाभरात अंगातल्या जवळजवळ सगळ्या रक्ताची एक फेरी होते.

आता नाडी मोजू. डावा हात मांडीवर उताणा ठेवा. उजव्या हाताची पहिली दोन बोटे डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवा. हलके दाबा. लागली का नाडी? तिकडच्या मावशी, अंगठ्याने नका दाबू. अंगठ्याची स्वतःची नाडी असते, तीच मोजली जाईल. जोरातही दाबू नका, नाडी हरवते. सेकंदकाटा बारावर आला की मोजायला लागा. सहावर आला की थांबा. तीस सेकंद झाले. आला त्या आकड्याची दुप्पट करा. ठोके एकसारखे नसतील, मधेच एखादा चुकत असेल, तर पूर्ण मिनिट मोजा आणि तसे लिहा. काटा नसलेल्या मोबाइलवरही सेकंद दिसतात. नातवाला विचारा, तो दाखवील.

चालले, काम केले की ठोके वाढतात. वाढलेच पाहिजेत. घरातल्या हलक्या कामाने ते शंभराच्या थोडे इकडे-तिकडे जावेत आणि बसल्यावर काही मिनिटांत खाली यावेत. ज्याला रोज थोडेसे काम करून १२०, १३० होतात, किंवा बसून पाव तास झाला तरी उतरत नाहीत, त्याने गप्प बसू नये. कारण शोधावे.

आता एका बाईची गोष्ट सांगतो. नाव सांगणार नाही. ती इथे बसली असली तरी कोणी तिच्याकडे वळून बघू नका. वय पस्तिशीच्या आतले. तीन लेकरे. खुरपणीला जाणार, कापूस वेचायला जाणार. अंगारकीला राजूरच्या गणपतीला पायी जाऊन येणारी बाई, म्हणजे पायात बळ होते. एका दिवाळीनंतर तिला धाप लागू लागली. हंडा घेऊन नळापासून दारापर्यंत यायचे, पन्नास पावले, तर छाती ढोलासारखी वाजे. नवऱ्याने दवाखाने केले. नाही असे नाही. एका ठिकाणी दोनदा सलाईन लावले, हजार-बाराशे गेले. दुसऱ्या ठिकाणी पट्टी काढली, चांगली आली. "टेन्शन घेऊ नका," असे सांगितले. सासू म्हणाली, "हिला कामच नको." बाई गप्प झाली. हे वर्षभर चालले.

मग ती या वर्गात येऊ लागली. आकडे लिहू लागली. आम्ही तिला चार आण्यांची शाईसुद्धा दिली नाही, नुसती एक जुनी वही दिली. सांगितले, रोज तीन वेळा मोज. काम हातातून ठेवल्याबरोबर एकदा मोज आणि दहा मिनिटे बसून पुन्हा मोज. तिने मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहिले. सोमवार, सकाळी ६, पाणी भरले, ११८. बसून, ९०. बुधवार, भाकरी, १२४, डोळ्यापुढे अंधारी. रात्री निजताना, ८४. असे तीन आठवडे.

ती वही घेऊन ती सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पाने उलटली. त्यांनी जो प्रश्न विचारला तो वर्षभरात कोणी विचारला नव्हता. त्या म्हणाल्या, "मधल्या या पाच-सहा दिवसांत आकडे इतके का चढलेत? आणि पुढे आठवडाभर का उतरत नाहीत?" बाई लाजली. मग तिने सांगितले की ते अडचणीचे दिवस होते, आणि अलीकडे त्या दिवसांत फार जाते. पुरुष डॉक्टरापुढे हे तिने कधी सांगितले नव्हते. कोणी विचारलेही नव्हते. रक्त तपासले. हिमोग्लोबिन निघाले ७.४. बायकांचे ते १२ च्या खाली नसावे. गरोदर बाईचे ११ च्या खाली नसावे, पुरुषाचे १३ च्या खाली नसावे.

रक्त कमी आणि काळीज का पळते? असे समजा, जालन्याच्या जिनिंगला तुमचा शंभर क्विंटल कापूस आज पोहोचवायचाच आहे. गाड्या दहा असतील तर सावकाश दोन खेपांत काम होईल. गाड्या सहाच उरल्या तर? बैलांना जास्त खेपा कराव्या लागतील, आणि पळत कराव्या लागतील. आपण श्वासाने जो प्राणवायू घेतो तो रक्तातल्या तांबड्या कणांवर लादून सगळ्या अंगाला पोहोचतो. हिमोग्लोबिन म्हणजे या गाड्या. त्या कमी पडल्या की हृदय खेपा वाढवते. माणूस बसलेला असताना ते निभावून जाते, कारण मागणी कमी असते. उठून झाडू हातात घेतला की मागणी वाढते आणि बैल पळू लागतात. हृदयाची पट्टी चांगली येते ती यामुळे. बैलांत खोट नाही, गाड्या कमी आहेत.

ही एका बाईची गोष्ट नव्हे. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर घरोघर पाहणी केली. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत ५४ जणींचे रक्त कमी निघाले. पुरुषांत शंभरांत २२. म्हणजे या ओळीत दहा बायका बसल्या असतील तर त्यांत पाच जणी तरी निघतील. त्यांतल्या किती जणींना घरी "कंटाळखोर" म्हणतात, ते पाहणीत लिहिलेले नाही.

पण "रक्त कमी आहे" हे पूर्ण उत्तर नव्हे. कमी का आहे, हे पुढे विचारावे लागते. अंगावरून जास्त जाते का? मूळव्याधीतून जाते का? पोटात जंत आहेत का? अनवाणी शेतात हिंडणाऱ्याच्या पायाच्या कातड्यातून अंकुशजंत शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. खाण्यात काय आहे? लोहाच्या गोळ्या घेतल्या, तीन महिने झाले, तरी आकडा हालत नाही, असे झाले तर? गोळीवर चहा प्यायची सवय असेल तर तो चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू पिळून घेतले तर लागते. गोळीने शौचाला काळे होते, त्याला भिऊ नये. एवढे करूनही आकडा हालला नाही, तर दुसरे काही तरी कमी आहे असे समजावे आणि डॉक्टरांना पुन्हा विचारावे.

इथे मुंबईची एक जुनी हकीकत सांगण्याजोगी आहे. ती आम्ही शाळेतल्या मुलांना पुष्कळदा सांगत असू.

१९२८ साली लूसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टरीण मुंबईला आली. परळच्या हाफकिन संस्थेत तिने काम सुरू केले. मुंबईच्या गरीब बायकांत, गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांतही, गरोदरपणी एक विलक्षण पांडुरोग होई. बाई पांढरी फटक पडे, धाप लागे, पुष्कळ जणी दगावत. दुसऱ्या एका पांडुरोगावर तेव्हा यकृताचा अर्क देत. तो शुद्ध केलेला अर्क या बायकांना लागू पडत नसे. मग हे काय आहे? कोणता जंतू आहे का? लूसी विल्सने तपासले. जंतू सापडला नाही. तेव्हा तिने बायकांना सरळ विचारायला सुरुवात केली: तुम्ही खाता काय? किती खाता? कोणत्या बाईच्या ताटात भाजी आहे, फळ आहे, दूध आहे आणि कोणाच्या नाही, हे तिने लिहून काढले. तेच निकृष्ट अन्न तिने उंदरांना दिले, पुढे माकडांना दिले. एका आजारी माकडाला यीस्टचा, म्हणजे दारू आंबवताना लागणाऱ्या किण्वाचा, मार्माइट नावाचा काळा चिकट अर्क चारला. विलायतेत तो पावाला लावून खातात. माकड बरे झाले. मग तोच अर्क बायकांना दिला. बायका बऱ्या झाल्या. १९३१ साली तिने हे छापून प्रसिद्ध केले.

त्या अर्कात नेमके काय आहे हे तिला ठाऊक नव्हते. तरी तिने "आहे काही तरी" एवढे ठामपणे सांगितले. दहा वर्षांनी, १९४१ साली, अमेरिकेत चार टन पालकाच्या पानांतून चिमूटभर पदार्थ निघाला. लॅटिन भाषेत पानाला जो शब्द आहे त्यावरून त्याचे नाव पडले फॉलिक ॲसिड. १९४५ साली तो कारखान्यात तयार करण्याची कृती ज्या मंडळींनी बसवली त्यांचे प्रमुख आपलेच होते, आंध्रातल्या भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

आज आरोग्य केंद्रात जी लाल गोळी मिळते तिच्यात लोहाबरोबर हे फॉलिक ॲसिड असते. परळच्या बायकांच्या ताटातून निघालेले उत्तर आपल्या हातावर येते. आणि पुष्कळ जणी घरी नेऊन ती कणगीमागे टाकतात! असो.

तिसरी एक उणीव असते, बी-बारा जीवनसत्त्वाची. ते दूध, अंडी, मांस-मासळीत असते. भाजीपाल्यात नसते. माळकरी घर, त्यात दूध डेअरीला घालायचे आणि घरात काळा चहा, अशा घरांत ही उणीव होते. हातापायाला मुंग्या येतात, जीभ लालभडक होते, धाप लागते. माळ काढायला आम्ही सांगत नाही. तपासणी होते, गोळ्या-इंजेक्शने मिळतात.

रक्त चांगले निघाले, तरी धडधड आहे. मग? मग आणखी दारे आहेत. गळ्यात थायरॉइड नावाची गाठीसारखी ग्रंथी आहे. ती जादा काम करू लागली की काळीज विनाकारण पळते, भूक लागूनही वजन उतरते, हात थरथरतात, थंडीतही घाम येतो. साध्या रक्ततपासणीने कळते. लहानपणी घसा बसून ताप आला, मग सांधे सुजले, असे ज्याला झाले असेल त्याच्या हृदयाच्या झडपेत दोष राहू शकतो. तो पुष्कळदा बाई गरोदर झाल्यावर उघड होतो. हे डॉक्टरांना आठवणीने सांगावे. दम्याची पंपातली औषधे, सर्दीची काही औषधे ठोके वाढवतात. तंबाखू, मिश्री, गुटखा वाढवतात. वैशाखात उन्हात राबून पाणी न पिणे वाढवते. दिवसातून आठ कप चहा पिणाऱ्याला वेगळे काय सांगायचे?

आणखी एक प्रकार आहे. काळीज एकदम बटण दाबल्यासारखे पळू लागते, दीडशे, पावणेदोनशे, दोनशे. आणि पाच मिनिटांनी किंवा तासाने तसेच एकदम थांबते. हळूहळू चढत नाही, हळूहळू उतरत नाही. हृदयात विजेचा एक बारीक प्रवाह वाहतो, त्याच्या ताराच अशा जुळलेल्या असतात की प्रवाह आडवाटेने गोल फिरत राहतो. तरण्याताठ्या माणसालाही हे होते. यावर चांगले उपाय आहेत. मांडीच्या शिरेतून बारीक तार आत नेऊन ती आडवाट जाळून बंद करता येते, छाती फाडावी लागत नाही. पण झटका चालू असतानाची पट्टी हाती लागली पाहिजे. म्हणून वहीत "एकदम सुरू, एकदम बंद" हे दोन शब्द लिहायला विसरू नका. या दोन शब्दांवर डॉक्टरांचा निम्मा तपास होतो.

आता जे कोणाच्याच लवकर ध्यानात येत नाही, ते सांगतो. निजलेले असताना ठोके ७५. उठून उभे राहिले, काही केले नाही, नुसते उभे, तर दहा मिनिटांच्या आत ११०, १२०. आपण उभे राहिलो की पाटाचे पाणी उताराला जावे तसे रक्त पायांकडे उतरते. अंगातल्या शिरा लगेच आवळल्या जातात आणि ते वर राहते. काहींच्या शिरा वेळेवर आवळत नाहीत. मग हृदय धावून भरपाई करते. मोठ्या माणसाचे ठोके असे ३० किंवा त्याहून जास्त वाढत असतील, रक्तदाब फारसा पडत नसेल आणि हे तीन महिने चालले असेल, तर त्या दुखण्याला डॉक्टर इंग्रजी आद्याक्षरांवरून "पॉट्स" म्हणतात. हे नाव १९९३ साली रूढ झाले. तरुण मुलींना आणि बायकांना जास्त होते. मोठ्या तापानंतर होते. करोनाच्या साथीनंतर, २०२० आणि २०२१ सालानंतर, अशी कितीतरी माणसे जगभर निघाली.

नाव नवे, दुखणे जुने. अमेरिकेत १८६१ ते १८६५ मोठे यादवी युद्ध झाले. त्यात पुष्कळ शिपाई असे आले की थोडे चालले तरी काळीज पळे, धाप लागे, छातीत दुखे. आणि तपासले तर हृदय चांगले. वरचे अधिकारी म्हणत, लढायला नको म्हणून सोंग करतात. डा कोस्टा नावाच्या डॉक्टराने अशा तीनशेहून जास्त शिपायांची टिपणे ठेवली आणि १८७१ साली प्रसिद्ध केली. कधी सुरू झाले, आधी ताप आला होता का, जुलाब झाले होते का, निजल्यावर ठोके किती, उभे राहिल्यावर किती, हे सगळे. त्याला पूर्ण उलगडा झाला नाही. पण सोंग नाही, हे त्याच्या टिपणांनी दाखवून दिले. बंदूकधारी गड्याला जिथे कामचुकार ठरवले, तिथे आपल्या सुनांची काय कथा!

मनाच्या काळजीनेही छाती धडधडते, हे खरे आहे. कर्ज आहे, मुलीचे लग्न आहे, पाऊस नाही. धडधडेल नाही तर काय? तेही दुखणेच आहे, त्यालाही उपचार आहे. पण रक्त तपासले नाही, थायरॉइड पाहिले नाही, निजून-उभे राहून मोजले नाही, आणि पहिल्याच भेटीत "टेन्शन" म्हणून चिठ्ठी फाडली, हे आम्हाला मान्य नाही. परीक्षा न घेता निकाल लावल्यासारखे ते आहे.

आता ती ईसीजीची पट्टी. ती खोटे बोलत नाही, पण ती दहा-पंधरा सेकंदांची असते. हॉलंडमध्ये आइंथोव्हेन नावाच्या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे यंत्र बनवले. त्या वेळी माणसाला दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत बुडवून बसावे लागे. १९२४ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पण बसलेल्या माणसाचे हृदय काय करते तेवढेच त्यावरून कळते. अंगण झाडताना ते काय करते हे कसे कळणार? पुढे अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर यांनी पाठीवर बांधायचे यंत्र केले. वजन होते सुमारे ३८ किलो! गव्हाच्या पोत्याएवढे ओझे घेऊन हलके काम कसले? आज तेच यंत्र खिशात मावते. छातीला चकत्या चिकटवतात आणि २४ तास किंवा जास्त ते प्रत्येक ठोका टिपत राहते. त्याला होल्टरच म्हणतात. ते लावतात तेव्हाही एक कागद देतात आणि सांगतात, किती वाजता काय केले ते लिहा. पुष्कळ लोक तो कागद कोरा परत देतात. मग १२ वाजून १० मिनिटांनी ठोके १४० का झाले, हे यंत्राला कसे कळावे? बाई तेव्हा जिना चढत होती की भांडत होती?

तेव्हा वही. रकाने पाच आखा. तारीख. वेळ. काय करत होतो. ठोके. आणि कसे वाटले. पाचव्या रकान्यात खरे लिहा: चक्कर, अंधारी, धाप, घाम, काहीच नाही. बायकांनी पाळीच्या दिवसांवर फुली करावी. शेवटच्या पानावर घेत असलेल्या सगळ्या औषधांची नावे, काढ्याचीसुद्धा. दोन-तीन आठवडे पुरेत. दिवसाला वीस वेळा मोजू नका. सतत मनगट धरून बसले की त्या काळजीनेच ठोके वाढतात, हेही आम्ही पाहिले आहे. निजून आणि उभे राहून मोजायचे असेल तर पाच-दहा मिनिटे शांत पडून मोजा, मग उठून पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला मोजा. जवळ कोणी तरी उभे ठेवा. चक्कर वाटली की खाली बसा, आकड्याचा हट्ट नको.

आणि वही लिहीत बसायची नाही अशीही वेळ असते, ती नीट ऐकून ठेवा. धडधडीबरोबर छातीत दाबल्यासारखे दुखले, शुद्ध हरपली, बसल्या जागी धाप लागून बोलवेना, ओठ-नखे निळी पडली, पायावर सूज आली आणि रात्री उशाशिवाय निजवेना, किंवा स्वस्थ असूनही ठोके दीडशेच्या वर राहिले, तर त्याच वेळी निघा. १०८ क्रमांकावर फोन करा. गाडी येते, पैसे पडत नाहीत. गरोदर बाई असेल तर याहून लवकर निघा.

एरवी आधी आरोग्य केंद्रात जा. हिमोग्लोबिन तिथे तपासतात. पुढचे लागले तर भोकरदन किंवा जालना, आणि त्याहून पुढचे लागले तर छत्रपती संभाजीनगरची घाटी. घाटीत गर्दी असते. सकाळी लवकर पोहोचावे लागते. जुने सगळे कागद तारखेप्रमाणे लावून न्या. डॉक्टरांच्या हातात पाच मिनिटे असतात. त्यांत दोन मिनिटे "कधीपासून?" "लई दिवसांपासून" यात जातात. वही पुढे ठेवली की ती दोन मिनिटे वाचतात. डॉक्टरांना एकच विचारा: "हे अजून कशाने असू शकते? ते कसे पाहायचे?" हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगला डॉक्टर त्याला रागवत नाही.

त्या बाईचे पुढे काय झाले, असे कोणी तरी मघापासून खुणेने विचारते आहे. अंगावरून जायचे थांबवायला उपचार झाले. लोहाच्या गोळ्या तिने नेमाने घेतल्या. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.६ झाले. पाणी भरून आल्यावर आता १०० ते १०४ येतात. सासूने वहीतले आकडे स्वतः वाचून घेतले, म्हणजे नातीकडून वाचवून घेतले, आणि हंडा आता नवरा उचलतो. पण काही सकाळी नुसते उठून उभे राहिले तरी तिचे ठोके अजून १२० जातात. ते का, हे अजून कळलेले नाही. गोळ्या आणखी तीन महिने घ्यायच्या आहेत. मग पुन्हा रक्त पाहायचे, थायरॉइड पाहायचे, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले आहे. वहीची पाने संपली, तेव्हा परवा तिने दुसरी नेली.

वह्या त्या पेटीवर ठेवल्या आहेत. रकाने आखून दिलेले नाहीत, ते तुम्ही आखायचे. पट्ट्या दोनच आहेत, आळीपाळीने घ्या.